सल्ला: लेकीचा भाजलेला हात आणि ‘नॅनो’चा गोंधळ

पत्र:

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. दिवाळीचा फराळ करताना कढई कलंडली आणि माझ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मानेवर, उजव्या दंडावर आणि उजव्या पंजाच्या मागच्या बाजूला तेल सांडलं. मान आणि दंड बारा दिवसांत भरून आले. पंजा मात्र अजून ओला आहे, आज एकोणिसावा दिवस. सर्जननी चांदीचं ड्रेसिंग लावलंय, पाकिटावर ‘नॅनोक्रिस्टलाईन’ लिहिलेलं आहे. दर तीन दिवसांनी बदलतात, एका वेळेला दीड हजार जातात. मधल्या दिवसांत ते वाळू द्यायचं नाही म्हणाले, म्हणून आम्ही घरातल्या सलाईनच्या बाटलीने ओलं करतो. जखमेच्या कडेची कातडी काळपट-निळी दिसायला लागली आहे. चांदी अंगात भिनते का? सासूबाई म्हणतात, पूर्वीचं पांढरं मलम काय वाईट होतं?

आता सर्जन मांडीची कातडी काढून हाताला लावू म्हणतात. माझ्या जावेच्या ओळखीने एका ब्यूटी क्लिनिकला फोन केला. ते म्हणाले ऑपरेशन करूच नका, आमच्याकडे नॅनो सीरम आणि नॅनोफॅट आहे, साठ हजारांत मानेचा आणि हाताचा डाग नावालाही राहणार नाही. पुढे मुलीच्या लग्नाचं बघायचं आहे, त्यामुळे मन तिकडे ओढतं. मानेला नॅनो सनस्क्रीन लावायलाही सांगितलंय, ते चालेल का?

(खाली वेगळ्या, वाकड्यातिकड्या अक्षरात: मी बारावी सायन्सला आहे. डाव्या हाताने लिहितेय. फेब्रुवारीत बोर्डाचा पेपर मला माझ्या हाताने लिहिता येईल का?)

उत्तर:

ताई, पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला दोन गोष्टी कळवल्या होत्या: सलाईन बंद करा आणि पंजाचं ऑपरेशन लांबवू नका. तुमच्यासारखे प्रश्न घेऊन अनेक जण येतात, म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते.

आधी सलाईन. यात तुमचा काही दोष नाही. जखम म्हटली की सलाईन हे आपल्या डोक्यात बसलेलंच असतं आणि एरवी ते बरोबरही असतं. पण सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. तुमची लेक सायन्सला आहे, तिलाच विचारा, सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचं पाणी टाकलं की परीक्षानळीत काय होतं. पांढरा साका तळाला बसतो. मिठातलं क्लोराईड चांदीच्या आयनांना, म्हणजे पाण्यात सुटलेल्या तिच्या विद्युतभारित कणांना, धरून ठेवतं आणि जंतू मारायला निघालेली चांदी वाटेतच अडकते. म्हणून नॅनोक्रिस्टलाईन चांदीचं ड्रेसिंग निर्जंतुक साध्या पाण्यानेच ओलं करायचं. औषधाच्या दुकानात इंजेक्शनसाठीच्या निर्जंतुक पाण्याच्या बाटल्या मिळतात, त्या आणा. सिरिंजने थोडं थोडं सोडा. ड्रेसिंग ओलसर राहायला हवं, निथळता कामा नये. फार भिजलं तर कडेची चांगली कातडी पांढरी पडून सुटायला लागते. ड्रेसिंगखाली व्हॅसलीन किंवा तेलकट मलमही नको, त्याने चांदी जखमेपर्यंत पोचत नाही. हे फक्त तुमच्या पाकिटातल्या प्रकाराबद्दल सांगतेय. चांदीची इतर ड्रेसिंग वेगळ्या घडणीची असतात आणि त्यांच्या सूचनाही वेगळ्या असतात. पाकिटातला कागद टाकून देऊ नका.

आता ही चांदी ‘नॅनो’ कशासाठी करायची, ते सांगते. एवढं एक कळलं की क्लिनिकवाल्यांची गोष्टही तुम्हाला आपोआप कळेल.

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या केसाची जाडी ८० हजार ते एक लाख नॅनोमीटरच्या आसपास असते. समजा, साधारण तोळाभर चांदीचा एक फासा आहे, प्रत्येक कड एक सेंटिमीटरची. त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ मिळून सहा चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढं. हाच फासा कापत कापत दहा-दहा नॅनोमीटरचे फासे केले, तर सगळ्यांच्या बाजूंचं क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर होतं. जवळजवळ सहा गुंठे! चांदी तेवढीच, तोळाभरच. चांदी पाण्यात सुटते ती तिच्या पृष्ठभागावरून, त्यामुळे पृष्ठभाग असा पसरला की आयन भराभर आणि दिवसेंदिवस सुटत राहतात. हे आयन जंतूंच्या आवरणाला आणि त्यांच्या आतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचं कामकाज बंद पाडतात. १९९० च्या दशकात कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात रॉबर्ट बरेल या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चांदीचे असे बारीक स्फटिक जाळीवर बसवून ड्रेसिंग तयार केलं. तुमच्या मुलीच्या हातावर आहे ते याच जातीचं.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं मुळीच नाही. त्या म्हणतात ते पांढरं मलम म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन, तेही चांदीचंच. १९६८ पासून ते वापरात आहे आणि त्याने असंख्य भाजलेल्यांचे जीव वाचलेत. स्वस्त आहे, तालुक्याच्या दवाखान्यातही मिळतं. पण मी बर्न्स वॉर्डमध्ये शिकत होते तेव्हाची सकाळ मला अजून आठवते. नऊच्या सुमाराला ड्रेसिंगची ट्रॉली निघायची आणि तिच्या चाकांचा आवाज कानावर पडला की वॉर्डमधली लहान मुलं रडायला लागायची, ट्रॉली त्यांच्या खाटेपर्यंत यायच्या कितीतरी आधी. कारण ते मलम रोज बदलावं लागायचं. मलम आणि जखमेतला स्राव मिळून वर पिवळट, चिकट साय धरते. ती पुसून काढल्याशिवाय नवं मलम लावता येत नाही आणि पुसताना नुकती धरलेली नाजूक कातडीही खरवडली जाते. सायीखालची जखम किती खोल आहे, याचा अंदाजही नीट येत नाही. चांदीच्या जाळीचं ड्रेसिंग तीन दिवस राहतं, काही प्रकार सात दिवसही. पाण्याने भिजवून, कडेकडेने सोडवत ते उचलता येतं. दहा दिवसांत दहादा कळ सोसायची की तीनदा, हा फरक ज्याचा हात आहे त्याला विचारा. तुम्ही दीड हजार मोजता त्यातला मोठा भाग या सुटकेचा आहे. जखम भरण्याच्या वेगाच्या बाबतीत मात्र इतर आधुनिक ड्रेसिंगपेक्षा हे नेहमी सरस ठरतं, असं सिद्ध झालेलं नाही. ते जंतूंना थोपवून धरतं, पुढचं भरून येण्याचं काम शरीरच करतं.

कडेच्या काळपट-निळ्या रंगाची भीती काढून टाका. तो चांदीचा डाग आहे, वरच्या मेलेल्या थरात बसलेला. तो थर झडला की डागही जातो. चांदी अंगात भिनण्याचा खरा आजार वेगळा, त्यात कातडी कायमची राखाडी-निळी होते. तो बहुतेक वेळा चांदीचं पाणी महिनोन्महिने पिणाऱ्यांना होतो. कोणी घरी येऊन ‘पोटातूनही द्या’ म्हणालं तर ऐकू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ सालीच जाहीर केलं होतं की विनाचिठ्ठी विकली जाणारी अशी चांदीची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येणार नाहीत. ड्रेसिंगमधून थोडी चांदी रक्तात जाते, हे खरं आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी १७ वर्षांच्याच एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याचं सुमारे ३० टक्के अंग भाजलं होतं. अशा ड्रेसिंगनंतर त्याचा चेहरा राखाडी दिसू लागला आणि यकृताच्या तपासण्या बिघडल्या. ड्रेसिंग थांबवल्यावर त्या सुधारल्या. तुमच्या मुलीची उरलेली जखम हाताच्या पंजाची फक्त मागची बाजू आहे. बोटांसकट आपला तळवा म्हणजे आपल्या अंगाचा साधारण एक टक्का, त्यावरून तीस टक्के किती होतात याचा अंदाज घ्या. तिच्या बाबतीत ती काळजी नको.

मात्र चांदी जंतू आणि आपल्या नव्या पेशी यांच्यात भेद करत नाही, दोघांनाही तिचा त्रास होतो. म्हणून जखम स्वच्छ झाली, संसर्गाचा धोका टळला की चांदी थांबवून साधं ड्रेसिंग लावतात. पुढच्या भेटीत सर्जनना विचारा, ‘चांदी कधी थांबवायची?’ त्यांना या प्रश्नाचा राग येणार नाही. आणि मधे कधी एमआरआय करायची वेळ आली तर ड्रेसिंग आधी काढावं लागतं, हे तिथे सांगा.

आता पंजाबद्दल, आणि ताई, हे नीट वाचा.

मान आणि दंड बारा दिवसांत भरले, पंजा एकोणीस दिवसांनीही ओला आहे. तेल तेच होतं, मग असं का? तेल चिकटून बसतं आणि उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. जिथे ते निसटून गेलं तिथे वरवर भाजलं, जिथे साचलं तिथे खोल. कातडीचे दोन मुख्य थर, वरची बाह्यत्वचा आणि खालची अंतस्त्वचा. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी खालच्या थरात रुतलेल्या असतात आणि त्यांच्या अस्तरातूनच नवी बाह्यत्वचा उगवते. वरवर भाजलं तर ही मुळं शाबूत राहतात, सगळीकडून एकदम कोंब फुटतात आणि जखम दहा-बारा दिवसांत झाकली जाते. खोल भाजलं तर मुळंच जळतात. मग कातडी फक्त कडेकडून सरकत येते, फार हळू, आणि तोवर मधल्या भागात शरीर व्रणाचं मांस भरत राहतं. तीन आठवड्यांत भरत नाही ती जखम जाड, ताठ, आवळणारा व्रण देऊन जाण्याची शक्यता फार मोठी असते. पाठीवर असा व्रण झाला तर माणूस तो अंगरख्याखाली झाकून जगतो. पंजाच्या मागे कातडी मुळातच पातळ, तिच्या लगेच खाली बोटं उघडणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या. तिथे व्रण आवळला की बोटांची मुळं मागे ओढली जातात आणि मूठ मिटत नाही. लेखणी, लाटणं, गाडीचा ब्रेक, सगळंच अडतं.

तुमचे सर्जन योग्य वेळी योग्य ते सांगत आहेत. मांडीवरून ते अगदी पातळ पापुद्रा काढतील, मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास जाडीचा. पंजासाठी शक्यतो तो जाळी न पाडता अखंडच लावतात, म्हणजे पुढे चौकटीचे वळ दिसत नाहीत. पहिले दोन दिवस हा पापुद्रा खालचा स्राव शोषून जगतो. मग खालच्या रक्तवाहिन्या त्याच्या वाहिन्यांना जाऊन मिळतात आणि पाचव्या दिवसाच्या सुमाराला ड्रेसिंग उघडल्यावर तो गुलाबी दिसला की ‘कातडी धरली’ असं आम्ही म्हणतो. इतकी वर्षं झाली, तो गुलाबी रंग दिसेपर्यंत माझा जीव अजून थाऱ्यावर नसतो. मांडीची जागा दोन आठवड्यांत आपली आपण भरून येते. तिथे वेगळ्या रंगाचा पट्टा राहतो, हे मुलीला आधीच सांगा. तिने कपडे बदलताना अचानक ते पाहू नये.

‘नॅनोने ऑपरेशन टळतं’ असं फोनवर सांगणाऱ्याने तुमच्या मुलीचा हात पाहिलेलाही नाही. नॅनोतंत्राने जखमेवर काय काय करता येतं, ते मला ठाऊक आहे. पॉलिमरचे नॅनोमीटरमध्ये मोजायचे धागे विजेच्या दाबाने जखमेवर फवारून कोळिष्टकासारखं पातळ आवरण विणणारी हातातली यंत्रं आली आहेत. आपल्या अंतस्त्वचेतले कोलॅजेनचे तंतूही साधारण त्याच मापाचे असल्याने पेशींना अशा जाळ्यावरून सरकायला सोपं जातं. सुंदर काम आहे ते. पण ते जखमेला झाकतं, मुळं जळून गेलेल्या जागी नवी मुळं लावत नाही. आजच्या घडीला पंजाच्या खोल भाजलेल्या जखमेला स्वतःच्या कातडीइतकं चांगलं काहीही नाही. ज्यांचं अंग फार भाजलेलं असतं, त्यांच्याकडे तर स्वतःची कातडीच पुरेशी उरलेली नसते. त्यांच्यासाठी मुंबईत शीव रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येतं. हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण डोळ्यांबद्दल सगळ्यांना ठाऊक असतं आणि कातडीबद्दल घरात कोणी बोलतच नाही.

खर्चाची चिंता तुम्ही उघड लिहिली नाही, पण ती ओळींमधून दिसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांचा समावेश आहे. तुमच्या भागातल्या योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. साठ हजार क्लिनिकला देण्याआधी हे करा.

त्या क्लिनिकच्या दोन वस्तूंकडे येते. पहिली नॅनो सीरम. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा मेलेला थर दहा ते वीस हजार नॅनोमीटर जाडीचा असतो, विटा आणि चुन्याच्या भिंतीसारखा रचलेला. बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, हेच त्याचं काम. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणू या भिंतीतून सहसा जात नाहीत, हा आमच्या शास्त्रातला जुना ठोकताळा आहे. कोलॅजेनचा रेणू तीन लाख डाल्टनच्या घरातला, तो वरून चोळून आत जाणार नाही. चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लिपोसोममध्ये औषध भरलं तरी त्या पिशव्या बहुतेक वरच्या थरातच फुटतात. काही कण केसांच्या मुळांच्या खोबणीत जाऊन बसतात. मुरुम तिथेच होतात, म्हणून मुरुमांच्या नॅनो-जेलला अर्थ आहे. अॅडापलीन आणि क्लिंडामायसिनच्या अशा जेलचा अभ्यास आपल्या देशातही झालेला आहे. तिथे औषध कोणतं, किती टक्के, कुठे पोचायचं, सगळं ठरलेलं असतं. तुम्हाला सांगितलेल्या सीरममध्ये काय आहे, हे त्यांनी फोनवर सांगितलं का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. नाव-गाव नसलेल्या बाटलीतलं काहीही नव्या, पातळ कातडीला लावू नका. २०२३ साली केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची प्रकरणं प्रसिद्ध केली. त्या क्रीममध्ये पारा होता. मिळणाऱ्या कितीतरी ‘जादूच्या’ क्रीममध्ये स्टेरॉईडही असतं. त्याने आधी कातडी उजळते, मग पातळ होते, लाल होते आणि क्रीम सोडली की पेटते.

दुसरी नॅनोफॅट. या नावाने भल्याभल्यांची फसगत होते. २०१३ मध्ये बेल्जियममधल्या प्लास्टिक सर्जन पॅट्रिक टोनार्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पोटाची किंवा मांडीची थोडी चरबी ओढून घ्यायची, दोन सिरिंज जोडून तीसेक वेळा इकडून तिकडे ढकलून ती पातळ करायची आणि कापडातून गाळायची. त्या कापडाची छिद्रं अर्ध्या मिलिमीटरची होती, म्हणजे पाच लाख नॅनोमीटरची! यात नॅनोतंत्र काहीही नाही, चरबी फार बारीक केली म्हणून पडलेलं ते नाव आहे. पद्धत वाईट आहे, असं मी म्हणत नाही. त्यात चरबीच्या पेशी फुटतात, पण सोबतच्या मूळ पेशी (स्टेम सेल) उरतात आणि जुन्या, ताठ व्रणांना मऊ करायला त्यांचा उपयोग होताना मी पाहिलं आहे. पण ती शस्त्रक्रिया आहे. ती प्लास्टिक सर्जनने, ऑपरेशन थिएटरमध्ये, व्रण पिकल्यावर करायची गोष्ट आहे. तीन आठवड्यांच्या ओल्या जखमेवर नाही.

म्हणजे ‘नॅनो’ हे सगळं जाहिरातीपुरतंच आहे, असं मात्र समजू नका. २०२१ चा मे महिना आठवतो का? कोरोनातून उठलेल्या माणसांना म्युकरमायकोसिस झाला, काळी बुरशी. नाक, गाल, डोळ्याच्या खोबणीतलं मांस सडायचं आणि आम्हाला ते कापून काढावं लागायचं. सोबत बुरशी मारणाऱ्या अॅम्फोटेरिसिनची इंजेक्शनं. साधं अॅम्फोटेरिसिन जुनं आहे, पण त्याने हुडहुडी भरते आणि मूत्रपिंडांवर मोठा घाव बसतो. मधुमेही रुग्णांची मूत्रपिंडं आधीच थकलेली. तेच औषध शंभर नॅनोमीटरहून लहान चरबीच्या पिशव्यांत बांधलं की मूत्रपिंडांना होणारी इजा कमी होते आणि जास्त मात्रा देता येते. ‘लिपोसोमल मिळालं का?’ हा एकच प्रश्न घेऊन नातेवाईक रात्रभर दुकानं पालथी घालत होते. नॅनोतंत्र म्हणजे काय, हे महाराष्ट्राने तेव्हा फार जवळून पाहिलं, फक्त ते नाव कोणी घेतलं नाही. कातडीच्या कर्करोगांतही असंच आहे. कापोसी सार्कोमा नावाच्या गाठींवर लिपोसोममधलं डॉक्सोरुबिसिन १९९५ पासून अमेरिकेत वापरात आहे. उन्हाने होणाऱ्या कर्करोगपूर्व चट्ट्यांवर अमायनोलेव्युलिनिक आम्लाचं नॅनो-इमल्शन जेल लावून वर लाल प्रकाश सोडतात, सुरीही लागत नाही.

आपल्या देशात नॅनो-औषधांची तपासणी कशी करायची, याची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने काढली. औषध जुनं असलं तरी नॅनो रूपात ते शरीरात वेगळं वागू शकतं, म्हणून त्याची तपासणी वेगळी व्हावी, हा त्यामागचा विचार. कोणत्याही दुकानात वा क्लिनिकमध्ये तुम्हीही हेच विचारा: आत पदार्थ कोणता, तो कुठे पोचतो, तिथे काय करतो आणि कधी थांबवायचा. नुसतं ‘नॅनो आहे’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर होत नाही.

सनस्क्रीन चालेल. झिंक ऑक्साईड किंवा टायटॅनियम डायऑक्साईडचं घ्या. क्रिकेटपटूंच्या नाकावर दिसायचं ते पांढरं झिंक मोठ्या कणांचं. कण नॅनो केले की पांढरेपणा जातो आणि ऊन अडवण्याचं काम राहतं, सावळ्या रंगाच्या मुलींना त्यामुळे ते लावावंसं वाटतं. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलंय की हे कण वरच्या मेलेल्या थराच्या पलीकडे जिवंत पेशींपर्यंत पोचत असल्याचं दिसत नाही. युरोपात तर जुलै २०१३ पासून घटकाच्या नावापुढे ‘नॅनो’ छापणं बंधनकारक आहे. तीन पथ्यं पाळा: पूर्ण भरलेल्या कातडीलाच लावा, ओल्या पंजाच्या आसपास नको, आणि फवाऱ्याचं घेऊ नका, कण श्वासातून आत जायला नकोत. त्यावर ओढणी किंवा स्कार्फ हवाच.

मानेचा डाग आत्ता लालसर दिसत असेल. तो बारा दिवसांत भरलाय, त्यामुळे मला त्याची फारशी भीती वाटत नाही. रंग बसायला महिने लागतात, कधी वर्ष-दीड वर्षही. ऊन टाळा, खोबरेल तेलाने दिवसातून तीन-चारदा बोटांनी हलका दाब देत मालिश करा. जागा जाड किंवा टणक लागायला लागली, खाज वाढली, तर सर्जनना दाखवा. मग सिलिकॉनची पट्टी, गरज पडली तर व्रणात द्यायची इंजेक्शनं. हे सगळं साठ हजारांच्या कितीतरी आत होतं. लग्नाची काळजी आईला वाटणारच, मी ती हसण्यावारी नेणार नाही. पण या घटकेला मानेवरच्या रंगापेक्षा मूठ मिटणं मोठं आहे.

आता तुझ्याशी बोलते, बाळ. डाव्या हाताने लिहिलेल्या तुझ्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या.

ऑपरेशन या आठवड्यात झालं आणि कातडी नीट धरली, तर फेब्रुवारीपर्यंत तुझ्या हातात दोन महिन्यांहून जास्त वेळ आहे. पहिला आठवडा हात आधाराच्या कडक पट्टीवर (स्प्लिंटवर) बांधलेला आणि उंच ठेवलेला असेल, तेव्हा मुळीच हलवायचा नाही. त्यानंतर फिजिओथेरपिस्ट एकेक बोट हलवायला शिकवतील. दुखेल, ताण बसेल. तरी दर दोन तासांनी करायचंच, रात्री पट्टी घालायचीच आणि नवी कातडी कोरडी पडते म्हणून आधी तेल लावायचं. प्रेशर ग्लोव्ह, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा घट्ट हातमोजा, दिला तर तो दिवसातले २३ तास घालायचा, अंघोळ आणि मालिश एवढ्यापुरताच काढायचा. हे सगळं केलंस तर पेन धरता यावं, असं मला वाटतं. तीन तास सलग लिहिता येईल का, ते जानेवारीच्या मध्याला घड्याळ लावून एक पूर्ण पेपर सोडवून बघ. तोवर वाट बघत थांबू नकोस. सर्जनचं प्रमाणपत्र घेऊन कॉलेजमार्फत विभागीय मंडळाकडे लेखनिकासाठी आणि जादा वेळेसाठी अर्ज आत्ताच करून ठेव. नाही लागला तर सोडून देता येईल. सुरुवातीला बारीक पेन बोटांत ठरणार नाही, म्हणून पेनाला सुती कापडाची पट्टी गुंडाळून ते अंगठ्याएवढं जाड कर आणि मूठ जसजशी मिटायला लागेल तसतसा एकेक वेढा कमी करत जा.